सत्काराच्या आड आलेला सामना

शाळेच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांनी खेळासाठी उभं आयुष्य वेचलं, ही गोष्ट एके दिवशी शाळेच्या समितीच्या लक्षात आली. नेमक्या त्याच वर्षी त्यांच्या मुलींचा संघ पहिल्यांदाच अंतिम फेरीत पोहोचला. या दोन घटनांपैकी समितीला पहिली अधिक गंभीर वाटली आणि तिने त्यांचा जाहीर सत्कार ठरवला.

प्रशिक्षकांना सगळे शिट्टीसर म्हणत. गळ्यातली शिट्टी ते जेवतानाही काढत नसत. समितीसमोर त्यांनी एवढंच मागितलं, की शनिवारी आपल्याच मैदानावर अंतिम सामना आहे, तेवढा दिवस सोडून सत्कार कधीही करा.

"पाहुण्यांना शनिवारचीच सवड आहे," अध्यक्ष म्हणाले. "आणि सामने काय हो, दरवर्षी असतात."

"आमचा अंतिम सामना दरवर्षी नसतो, साहेब. उभ्या नोकरीत पहिल्यांदा आलाय."

"बघा!" अध्यक्ष सदस्यांकडे वळले. "स्वतःबद्दल चकार शब्द नाही. सगळं मुलींसाठी!"

सदस्य गहिवरले. सरांची हरकत सर्वानुमते 'विनय' म्हणून मान्य झाली.

शाळेत सपाट जागा एकच, बास्केटबॉलचं मैदान. त्यामुळे व्यासपीठ तिथेच उभं राहिलं. मागच्या भव्य फलकाला बास्केटचं कडं आडवं येत होतं. सुताराने कड्यामागच्या फळीला करवत लावली तेव्हा सर धावत आले.

"अरे, काय करतोयस?"

"तुमचाच फोटो लावतोय, सर. कड्यामुळे तुमचं डोकं झाकलं जातंय."

मैदान गेलं. प्रतिस्पर्धी शाळेने मोठ्या मनाने आपलं मैदान देऊ केलं. सरांनी शाळेची बस मागितली, तर ती पाहुण्यांना आणायला जाणार होती. सरांनी ओळखीच्या टेम्पोवाल्याला गळ घातली. तो तयार झाला, तर मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं: संघाने खेळाच्या गणवेशात दुतर्फा उभं राहून सरांना मानवंदना द्यावी.

"बाई, त्याच वेळी सामना आहे!"

"सर, मुलीच नसतील तर शोभा काय? लोक म्हणतील, मुलींचं तुमच्यावर प्रेमच नाही."

घरी बायको वैतागली. "अहो, सरळ नाही म्हणून टाका ना! तोंड शिवलंय का तुमचं?"

"म्हणतोय की. पण नाही म्हटलं, की सत्कारात एक भाषण वाढतं."

शनिवारी भाषणं झाली. प्रमुख पाहुण्यांनी सरांच्या गोलंदाजीचं मनापासून कौतुक केलं. तिकडे दुसऱ्या शाळेत पंचांनी बराच वेळ वाट पाहिली आणि समोर कोणी नसलेल्या संघाला विजयी घोषित केलं. निरोप आला तेव्हा सरांच्या हातात काचेचा चेंडू ठेवला जात होता. त्यांनी माइक हिसकावून घेतला.

"तुम्ही माझ्या मुलींना खेळू दिलं नाहीत! लाज वाटू द्या! नको मला तुमचा सत्कार!"

अध्यक्षांनी रुमाल डोळ्यांना लावला. "इतका निःस्पृह माणूस मी पाहिला नाही," ते म्हणाले, आणि सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. रांगेतल्या मुलींना टाळ्या वाजवता आल्या नाहीत. मानवंदनेसाठी त्यांचे हात वर होते.

लोकांचं एवढं प्रेम पाहून समितीने व्यासपीठ कायमचं ठेवायचं ठरवलं. दुसऱ्याच आठवड्यात मैदानावर काँक्रीट ओतलं आणि व्यासपीठाला सरांचं नाव दिलं.

"सर, आता सरावाला यायचं कुठे?" कर्णधार मुलीने विचारलं.

सर तिला शाळेच्या मागच्या भिंतीकडे घेऊन गेले. संघ हल्ली तिथे भिंतीवर चेंडू मारतो. कडं नाही, समोर खेळायला कोणी नाही, पण मुली येतात आणि सर ओरडतात.

हे वाचून तुमच्या मनात सरांबद्दल आदर दाटून आला असेल. कृपा करून तो आवरा. त्यांच्याकडे आता ती एकच भिंत उरली आहे, आणि तुमच्यातलं कोणीतरी तिच्यावर सरांचं चित्र रंगवायला वर्गणी जमवू लागलेलं असणारच.