चूलबंद आवतण

आमच्या गावचे बाबारावकाका कुलपांशी बोलतात.

दरवर्षी मारुतीच्या भंडाऱ्याला सकाळीच ते घरोघर आवतण देत फिरतात. आवतणही साधंसुधं नाही, चूलबंद. म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. लहानथोर सगळ्यांनी पारावर येऊन गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी खायची. आता निम्मं गाव कामासाठी पुण्या-सुरतेकडं गेलेलं. काकांना त्याचं काही नाही. ते कडी वाजवतात, खाकरतात आणि बंद दाराला ठणकावून सांगतात, "किसनाभाऊ, आज चूलबंद हाये बरं! लेकरंबाळं घेऊन या!" वर उत्तरासाठी क्षणभर थांबतातसुद्धा.

"काका, अंदर कोनी नाही," असं म्हणायची सोय नाही.

"रिवाज म्हंजे रिवाज! घर हाये तं आवतन हाये."

एका वर्षी आचाऱ्यानं काकांना किती घरांना आवतण दिलं ते विचारून तेवढ्यांची कणीक भिजवली. पुढं दोन दिवस गाव रोडगे चुरून खात होतं. शेवटी गुरांनीही तोंड फिरवलं.

मी रिसोडला नोकरीला, म्हणजे माझ्याही दाराला कुलूपच. एकदा भंडारा चुकला, तर संध्याकाळी काकांचा फोन.

"काहून आला नाही बे?"

"मले कुठं माईत होतं, काका?"

"दारावर येऊन सांगतलं ना तुले!"

"पन मी तं रिसोडात होतो!"

"थे माईत हाये मले. आवतन दारावरच देतेत, फोनवर नाही."

तेव्हापासून मुकाट्यानं जातो. खरं सांगतो, आपल्या बंद दाराशी उभं राहून कोणी आपल्या नावानं हाक मारतं, या एका गोष्टीसाठी जीव तिकडं ओढ घेतो.

काकांची फेरी संपायची त्यांच्याच दाराशी. तिथंही ते परक्यासारखी कडी वाजवायचे आणि मागच्या खोलीतून गिरजाकाकू हसू दाबत म्हणायच्या, "येतो म्हना सारेजन!" सारेजण म्हणजे दोघंच. मुलगा सुरतेला.

दिवाळीनंतर काकू गेल्या. यंदा पंगत बसली तरी काकांचा पत्ता नाही. बघायला गेलो, तर घरातून धूर. काका चुलीपुढं बसून भाकर थापत होते.

"काका, हे काय? पंगत खोळंबून राह्यली तिकडं."

"आमाले आवतन नाही."

"आवतन तं तुमीच देता ना?"

"साऱ्याईले देल्लं. इथं आलो, कडी वाजवली, अन् तोंडातून शब्दच नाही निंगाला." त्यांनी मान खाली घातली आणि उगाच त्याच भाकरीवर थापा मारत राहिले.

मी बाहेर आलो. दार ओढून घेतलं, कडी वाजवली.

"बाबारावकाका, आज चूलबंद हाये."

आत भाकरीवरच्या थापा चालूच होत्या, म्हणून पुन्हा कडी वाजवून सांगितलं.

"जरा जोरानं सांग बाबू," आतून काका म्हणाले. "मांगच्या खोलीत आयकू गेलं पायजे."