लूलूचं अंथरूण

लाकडातलं मला विचारा. चाळीस वर्षं डोंगरातल्या आमच्या बशर्री गावात देवदार कोरतोय. क्रूस, डबे, जपमाळांच्या पेट्या, सगळं याच हातांनी. देवदाराच्या पेटीत कसर लागत नाही, वाळवी फिरकत नाही, आणि आमच्या देशात जे काही सरळ उभं राहिलंय ते हे एकच झाड. म्हणून लूलूच्या अंथरुणाची जबाबदारी मी छाती पुढे काढून घेतली, आणि तिथेच माती खाल्ली.

लूलू म्हणजे आमच्या फारेसचा अजगर, मादी. तसा लहान, मनगटाएवढा जाड आणि दीड हात लांब. दोन वर्षांपूर्वी फारेस माँट्रियलला गेला. मागे आई, बाप आणि लूलू असे तीन जीव ठेवून गेला. आठवण त्यातल्या एकाचीच येते. दर रविवारी फोन. "बाबा, कसे आहात?" मी तोंड उघडायच्या आत, "लूलूला दाखवा." माझी बायको सुआद या फोनसाठी केस विंचरून, ठेवणीतला झगा घालून बसते आणि मोबाईल धरायचा तो लूलूच्या काचेच्या पेटीसमोर. तिची तक्रार नाही. म्हणते, आवाज तरी ऐकू येतो.

जनरेटरची वीज येते चार तास. त्यात लूलूची गरम चटई चालते आणि आम्ही दोघं एका घोंगडीखाली कुडकुडतो. हेही मुकाट्याने. लूलू मेली तर हा पोरगा फोन कशासाठी करेल, हा प्रश्न आम्हा दोघांच्याही मनात होता आणि विचारायची हिंमत एकाचीही नव्हती.

तर फारेसने ठेवलेला नारळाच्या काथ्याचा भुसा संपला.

"त्याला विचारा, आता काय घालायचं," सुआद म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? माझ्याकडे देवदाराचा भुसा पडलाय. राजाला मिळणार नाही असं अंथरूण!"

चांगला चार बोटं जाड थर घातला. खोलीत देवळासारखा वास सुटला.

दहा दिवसांत लूलू पाण्याच्या ताटात जाऊन बसली ती उठेचना. उठली तर नाक काचेवर घासायची. पोटाखाली लाल ठिपके. शेजारची उम्म इल्यास बघायला आली आणि तिने तिथल्या तिथे निकाल दिला.

"दृष्ट लागलीय."

"सापाला?"

"मग? तुमच्या घरात दुसरं आहे काय दृष्ट लागण्यासारखं?"

उपायही तिनेच सांगितला. तमालपत्राच्या साबणाने आंघोळ आणि वरून ऑलिव्हचं तेल. मी डोक्याकडे, सुआद शेपटीकडे. पण तेल लावलेला अजगर हातात राहतो होय? सळकन निसटली आणि थेट खुर्चीत बसून हुकूम सोडणाऱ्या उम्म इल्यासच्या मांडीवर. बाई पुतळ्यासारखी बसली. "अबू फारेस, जरा हिला घेता का?" इतक्या गोड आवाजात ती माझ्याशी, फारेसच्या बापाशी, तीस वर्षांत बोलली नव्हती.

ठिपके वाढलेच. मी म्हटलं, देवदार कमी पडतोय. आणखी एक टोपली ओतली.

रविवारी मी मोबाईल वरून धरला, पोट दिसू नये असा. पण पोरगं आईवर गेलंय.

"बाबा, ती नाक का घासतेय? पोट दाखवा."

दाखवलं. मग सूचना सुरू झाल्या. पांढऱ्या कागदावर ठेवा, काळे बारीक किडे पडतात का बघा, खवल्यांच्या मध्ये बघा. मी चष्मा लावून तासभर एका अजगराचे खवले तपासले. एकही किडा नाही.

"अंथरूण काय घातलंय?"

"उत्तम घातलंय," मी म्हणालो. माझ्या मते ते खोटं नव्हतं.

"बरं. उद्या परत फोन करतो."

आणि खरंच केला! सोमवारी केला, मंगळवारी दोनदा केला. सापाबद्दल बोलून बोलून किती बोलणार? मग घरमालकाचं निघालं, तिथल्या बेचव पावाचं निघालं, महिनाभर न गेलेल्या खोकल्याचं निघालं. त्याला खोकला आहे हे आम्हाला अजगराच्या पोटावरच्या ठिपक्यांमुळे कळलं. सुआद दिवसभर गुणगुणत होती. मी तिला ओरडणार होतो, पण मीही मंगळवारी दाढी केली होती.

गुरुवारी लूलूच्या अंगावर फोड आले. तिला उशीच्या अभ्र्यात घालून डोंगर उतरून, आमच्याच देशातल्या त्रिपोली शहरात, जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर यारा, फारेसच्याच वयाची. तिने पोट पाहिलं, तोंड उघडून पाहिलं, मग अभ्रा नाकाशी धरला.

"देवदार?"

"अस्सल," मी म्हणालो.

"काका, याचं तेल सापाची कातडी जाळतं. वासाने छातीही भरते. ही रात्रंदिवस त्याच्यावरच झोपलीय."

"देवदार? डॉक्टर, तुमच्या पासपोर्टावर कुठलं झाड छापलंय ते आठवा."

"पासपोर्टावर आहे म्हणून मी तो अंगाखाली घालून झोपत नाही."

मलम दिलं. पेटी धुवा, साधी वर्तमानपत्रं घाला, रोज थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, तेल बंद. आणि कामाच्या कपड्यांनी तिला हात लावायचा नाही. चाळीस वर्षांचा वास एका पोरीने दाराबाहेर ठेवायला लावला.

फारेसला सांगितलं तर तो खोकला येईपर्यंत हसला. "बाबा, तुम्ही आणि तुमचा देवदार!" मी गिळलं. निदान हसला तरी.

वर्तमानपत्रांवर लूलू सुधारली. मंत्र्यांची भाषणं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली. महिन्याभरात तिने अख्खी कात टाकली, खालून नवी कोरी निघाली. आणि तसतसे फोन उतरले. रोजचा एक दिवसाआड झाला, मग रविवारचा, मग एक रविवार कोराच गेला.

परवा आला, तोही घाईत. "लूलू ठीक ना, बाबा? मग आता पुढच्या महिन्यात बोलू. काम फार आहे."

मी "हो" म्हणणार, इतक्यात सुआदने मोबाईल ओढला.

"नाही रे बाळा. पुन्हा घासायला लागलीय."

मी पेटीकडे बघितलं. लूलू सकाळीच एक उंदीर गिळून सुखात पडली होती.

"काय? दाखव मला."

सुआदने माझ्याकडे पाहिलं. डोक्यावर दिवा लख्ख जळत होता.

"वीज गेलीय," मी म्हणालो. "पण पोटाखाली जरा लाल वाटतंय."

"बाबा, खरं सांगा. परत देवदार घातलात?"

चाळीस वर्षांची अक्कल घशाशी आली. गिळली.

"घातला," मी म्हणालो.

"किती वेळा सांगायचं तुम्हाला? अजिबात ऐकत नाही! उद्या फोन करतो. घरीच थांबा, कुठे जाऊ नका."

"नाही रे," मी म्हणालो. "आम्ही कुठे जाणार?"