दाजींची तांबडी पेन्सिल

मिठबावच्या दाजींनी देवळातलं गाऱ्हाणंसुद्धा सोडलं नव्हतं. गावकर नारळ हातात घेऊन "बा देवा महाराजा" म्हणून सुरू झाला, गुराढोरांपासून मुंबईच्या चाकरमान्यांपर्यंत सगळ्यांना देवाच्या पायाशी घालू लागला, की दाजी मागून म्हणत, "अरे, एकदा सांगितलेला देवाक समाजता. ह्या काढला तर कोणाचा अडता?" बिचारा गावकर मध्येच अडखळे आणि पहिल्यापासून सुरू करी.

वीस वर्षं त्यांनी गिरगावातल्या एका प्रकाशकाकडे लोकांची हस्तलिखितं कापली होती. नंतर गावी परतले, तरी प्रकाशक त्यांना सोडीना. देवगडला बोटीने गठ्ठा यायचा आणि तांबड्या रेघांनी माखून परत जायचा. मधल्या वेळात हाताला चाळा म्हणून दाजी गावातल्या लग्नपत्रिका कापायचे.

एकदा शेजारच्या म्हातारीने मुंबईच्या झिलाला, म्हणजे मुलाला, पत्र सांगितलं. व्यालेल्या म्हशीपासून जावेच्या भांडणापर्यंत तासभर बोलली. दाजींनी लिहिलं, "आंबे तयार झाले. ये." बाकी कार्ड कोरं बघून म्हातारी रडकुंडीला आली. पण झिल पुढच्याच बोटीने हजर! एवढंसं पत्र बघून घाबरला असावा.

मी तेव्हा जामसंड्याच्या शाळेत मास्तर होतो आणि तीनशे पानांची एक कादंबरी लिहून बसलो होतो. दाजींनी पास केली तरच प्रकाशक ती छापणार होता. कुठलं वाक्य ठेवायचं आणि कुठलं मारायचं हे ह्या माणसाला कळतं कसं, ह्याची मला भारी उत्सुकता. विचारलं तर नुसते हसत. शेवटी एका रविवारी न कळवताच मिठबाव गाठलं.

दाजी खळ्यात बसून माझी कादंबरी मोठ्याने वाचत होते. समोर त्यांची थोरली बहीण आका भिजवलेल्या झावळ्यांची झापं विणत होती. आका बालविधवा, दाजी बिनलग्नाचे. दोघं जन्मभर एकत्र राहिलेली. आकाला सही करता येत नव्हती. माझं सूर्यास्ताचं वर्णन अकरा पानं चाललं, तेवढ्यात तिने एक अख्खं झाप उतरवलं. दाजींनी अकराही पानांवर रेघ ओढली. मी कुंपणाशीच उभा राहिलो. मग आईला न सांगता घर सोडणाऱ्या मुलीचा प्रसंग आला आणि आकाचे हात थांबले.

"मगे त्या पोरीन काय केल्यान?" तिने विचारलं.

दाजींनी पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे बघून चोरी पकडल्यासारखे हसले. "गिरगावच्या खोलीतसुद्धा हीच समोर आसायची," ते म्हणाले, "तांदूळ निवडीत."

मिरगाच्या आधी आका तापाने गेली. माझी कादंबरी निम्मी वाचून झाली होती. दिवसकार्य उरकल्यावर मी भेटायला गेलो. खरं सांगायचं तर आका गेल्याच्या दुःखाइतकीच मला माझ्या पुस्तकाची काळजी होती. आज त्याची लाज वाटते.

गठ्ठा तसाच ओटीवर पडला होता. दाजी म्हणाले, "माका कळणा नाय रे. काय ठेवूचा, काय काढूचा, ता तीच सांगी."

मग त्यांनी कोपऱ्यातून आकाचं अर्धवट राहिलेलं झाप आणलं आणि मांडीवर घेतलं. पेन्सिल माझ्या हातात दिली. "तू वाच. मी आयकतंय."

मी वाचायला लागलो. पहिल्या ओळीपासून दाजींचे हात थांबलेलेच होते. त्यांना विणता येत नव्हतं की सगळंच ऐकावंसं वाटत होतं, कोण जाणे. दिवस मावळेपर्यंत मी वाचत राहिलो. मध्ये एका पानावर मी स्वतःच रेघ ओढायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला. "ऱ्हवांदे," म्हणाले. डोळे भरले होते.

पुस्तक निघालं. पूर्वार्ध बांधेसूद, उत्तरार्ध पसरट, असं परीक्षणांत आलं. खोटं नव्हतं.

दाजी गेल्यावर दुसऱ्या आवृत्तीची वेळ आली. उत्तरार्धातली साठेक पानं काढली तर काय बिघडेल, असं प्रकाशकाने विचारलं. मी उलट टपाली कार्ड टाकलं, "काढू नका. माझं अडतं."