ट्रकच्या घशात

पिरंगुटच्या पंपासमोरून जाताना मी ठरवलं, आज टाकी फुल करून टाकू. बस, एवढंच. माणसाच्या हातून याहून निरुपद्रवी निर्णय होणं अवघड आहे (माझ्या हातून काहीही होऊ शकतं, असं माझी बायको रजनी म्हणते).

ट्रक माझा. लष्करातून निवृत्त झालेला, हिरवागार, लिलावात घेतलेला. आमच्या बावधनच्या सोसायटीत दुसरी स्कूटर लावायची पंचाईत, म्हणून तो भरे गावात कुशाबांच्या गोठ्यात राहतो. बैल विकल्यापासून गोठा रिकामाच होता. "आता एकदा जरी बंद पडला तर थेट भंगारात," असं रजनीनं दिवाळीतच बजावलं होतं. आणि आज कुशाबांच्या नातीचं, आरोहीचं लग्न! नवरदेव फौजी. चार वाजता मारुतीच्या देवळापासून त्याची मिरवणूक माझ्या ट्रकमधून निघेल, असा शब्द मी दिला होता (कुणी मागितला नव्हता).

पिरंगुटहून हार घेऊन आम्ही परतत होतो. मी, रजनी आणि हारांची पाटी मांडीवर घेतलेल्या कुशाबांच्या पत्नी साळूबाई. मी नवाकोरा पांढरा कुर्ता घातला होता.

पंपावरच्या माणसानं टाकीच्या नळीत नोझल घातलं. खट्! बंद. पुन्हा घातलं. खट्! तिसऱ्यांदा त्यानं जोर लावला आणि भस्सकन डिझेल उलटं आलं, ते थेट माझ्या कुर्त्यावर.

"काका, गाडी ओकतीय."

"लष्करी गाडी आहे ही," मी कुर्ता पिळत म्हणालो. "हिच्या नळीत आतून जाळी असते, कचरा जाऊ नये म्हणून. आणि आतली हवा बाहेर यायला वेगळी बारीक नळी असते. ती तुंबली असणार."

ती बारीक नळी मी काढली आणि तोंडानं फुंकली. तुंबलेली नव्हती. हे मला चवीवरून कळलं.

मागे डंपरवाला हॉर्न वाजवत होता. साडेतीन झाले होते.

"आत्तापर्यंत डिझेल कसं भरत होता?" रजनीनं विचारलं.

"कॅननं. नरसाळं लावून."

"वेळ किती लागायचा?"

"दहा लिटरला पाऊण तास."

"आणि तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

(वाटलं होतं. लष्करी शिस्त वाटली होती.)

इतक्यात साळूबाई पाटी बाजूला ठेवून खाली उतरल्या.

"सायेब, त्ये त्येचं तोंड हाय न्हवं?"

"तोंडच म्हणा, मावशी. का?"

"मंग माजंच चुकलं असंल." त्यांनी पदर सावरला. "पोळ्याला गोठ्यात बैल न्हाई. ह्यो एकलाच उभा. म्हनलं, पोळ्याच्या दिशी गोठ्यातलं कुनी उपाशी ऱ्हाऊ नये. हळद-कुंकू लावलं, आन् दोन पुरनपोळ्या चारल्या."

"पण झाकण?" रजनी म्हणाली.

"झाकान कुटलं? तोंडाला दुधाची पिशवी बांधल्याली. म्या सोडली ती. पिशवी बांधून कुनी जेवतं व्हय?"

रजनीनं माझ्याकडे पाहिलं. मी डंपरकडे पाहिलं. झाकण पितळी होतं. घासूनपुसून चकचकीत करायला म्हणून मी ते नागपंचमीला घरी नेलं होतं आणि अजून ते आमच्या शोकेसमध्ये होतं.

खरं तर मी चिडायला हवं होतं. पण मला एकदम भरून आलं. आख्ख्या सोसायटीत ज्याला कुणी उभं करेना, त्या माझ्या ट्रकला या बाईनं बैलाचा मान दिला होता.

पंपावरच्या माणसानं पकडीनं नळीतली जाळी उपसून काढली. आत पुरणाचा काळाकुट्ट दगड झाला होता. साळूबाईंनी तो निरखून बघितला आणि ट्रककडे वळून रागानं म्हणाल्या, "येक घास बी खाल्ला न्हाईस की रं!"

टाकी घटाघट भरली. पुन्हा दुधाची पिशवी बांधली आणि चारला पाच कमी असताना आम्ही मारुतीसमोर हजर झालो.

कुशाबांनी बॉनेटला फेटा बांधला. नवरदेव लष्करात ट्रकच चालवत होता. त्यानं कौतुकानं स्टिअरिंगवर हात फिरवला आणि म्हणाला, "सायेब, आज मीच चालवतो." बायकांनी आधी त्याला ओवाळलं, मग ट्रकला. रजनी माझ्या कानाशी हळूच म्हणाली, "राहू दे हो हा." मला आभाळ ठेंगणं झालं.

"दयानंदरावांनाबी ओवाळा की!" कुशाबा ओरडले. "गाडी त्यांची हाय."

मी टोपी नीट केली, छाती काढली आणि पुढे झालो. निरांजन माझ्यासमोर येणार, तोच साळूबाईंनी ओवाळणाऱ्या बाईचा हात धरला.

"अगं थांब! डिझेलात भिजलाय त्यो. पेट घील!"

मग ट्रक वाजतगाजत पुढे गेला. माझंही औक्षण झालं. ताटातलं निरांजन काढून ठेवून, नुसत्या सुपारीनं, आणि नाकाला पदर लावून.