नॉर्मन भिंतीवर ठेवला होता

कोल्हीण आली तेव्हा भर दुपार होती आणि पिप्पा बागेतच, गुडघ्यांवर बसून, बिस्किटाचा चुरा वेचत होती. कोल्हीण कुंपणाच्या फटीतून आत शिरली, हिरवळीवरच्या चादरीपाशी थांबली, आणि बाग तिची असून पिप्पाच न विचारता आत आली आहे अशा नजरेने तिच्याकडे पाहत राहिली. मग तिने चादरीवरच्या नॉर्मनचा कान दातांत धरला आणि कसलीही घाई न करता भिंतीवरून पलीकडे उतरली.

नॉर्मन म्हणजे कापडाचं राखाडी गाढव. त्याचा एक कान आधीच गेलेला. उरलेला कान मुठीत धरून पिप्पाची दीड वर्षांची लेक बेसी तो नाकावर घासायची आणि मगच झोपायची. नॉर्मन नाही तर झोप नाही, आणि बेसीला झोप नाही तर घरात कुणालाच नाही. त्याला दूध, केळं आणि बेसीच्या मानेचा मिळून एक वास होता. बाहेरच्या माणसाला तो सोसला नसता. पिप्पा मात्र बेसी झोपल्यावर कधीकधी हळूच तो वास घेऊन यायची.

बेसीने रिकामी चादर पाहिली, मग आईकडे पाहिलं, आणि भोकाड पसरलं.

वरच्या मजल्याची खिडकी उघडली. कानांवर हेडफोन घातलेल्या नवऱ्याचं, गॅरेथचं डोकं बाहेर आलं. "अगं, मीटिंग चाललीये. काय झालं?"

"कोल्हीण नॉर्मनला घेऊन गेली."

"मग दुसरं काहीतरी दे ना. ते बदक आहे ना?"

"गॅरेथ, गेले चार महिने रात्री तिला कोण झोपवतंय?"

खिडकी अदबीने बंद झाली.

उजवीकडच्या कुंपणावरून मिस्टर क्विल यांची गवती टोपी वर आली. मिस्टर क्विल निवृत्त होते, एकटे होते, आणि डेलियाची फुलं लावत होते. डेलियाला ते हाडांचं खत घालायचे. त्या वासाने कोल्हे यायचे आणि वाफे उकरायचे, म्हणून मिस्टर क्विल पुन्हा लागवड करायचे आणि पुन्हा हाडांचं खत घालायचे. यातलं कारण आणि परिणाम पिप्पाच्या केव्हाच लक्षात आलं होतं, पण शेजाऱ्याला असं कसं सांगायचं म्हणून तीन वर्षं ती गप्प होती.

"मी सांगत होतो," मिस्टर क्विल म्हणाले. "एकच उपाय आहे. कुंपणाच्या कडेकडेने शिंपडायचं. रोज सकाळी. पुरुषाचंच लागतं."

"काय पुरुषाचं?"

"म्हणजे नैसर्गिक द्रव्य. मी स्वतः गेले दोन महिने सकाळी बाथरूमला न जाता..."

"मिस्टर क्विल, पुढचं नका सांगू."

"कोल्ह्यांचं बीळ तुमच्या पलीकडच्या एनिडच्या शेडखाली आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "जेवू घालते ती त्यांना. कोंबडी. शिजवून."

"तुम्ही बोललात त्यांच्याशी?"

"छे, असं कसं बोलणार? पण दोन वर्षं झाली, मी तिला फार कोरडेपणाने गुड मॉर्निंग म्हणतो. तिला कळायला हवं होतं."

अर्धा तास झुडपं धुंडाळूनही काही मिळालं नाही, तेव्हा पिप्पाने रडणाऱ्या बेसीला काखोटीला मारलं आणि डावीकडच्या घराची घंटी वाजवली.

एनिड अ‍ॅपलगार्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या, आणि लार्चफील्ड रोडवर चहाशिवाय कुणी मुद्द्यावर येत नसे. लंडनच्या या भागात आग लागली तरी आधी हवेबद्दल दोन वाक्यं होत असावीत.

"किती छान आली आहेस! बाहेर जरा ढगाळलंय ना?" एनिडबाई म्हणाल्या. "वेळ आहे ना थोडा?"

पिप्पाला 'नाही' म्हणायचं होतं. "अर्थातच," ती म्हणाली.

किटली तापली, कप आले, दूध आधी की नंतर हे ठरलं. बेसीने या सगळ्याला सलग एका सुरात साथ दिली. "दात येत असतील बिचारीला," एनिडबाई म्हणाल्या. पिप्पाने पहिला घोट घेतला, तोंड भाजलं, आणि आता बोलायला हरकत नाही असं तिला वाटलं.

"एनिडबाई, तुमच्या बागेत एखादं गाढव आलंय का? कापडाचं. राखाडी."

एनिडबाईंचा कप बशीवर किणकिणला. "अगं बाई. ते तुझं होतं?"

"होतं म्हणजे?"

"डचेसने, म्हणजे माझ्या कोल्हिणीने, हिरवळीवर आणून टाकलं. तिलाही लहानगी आहेत गं, त्यांना खेळायला नेते काहीबाही. पण हे एखाद्या बाळाचं दिसत होतं. म्हणून मी लगेच जाऊन भिंतीवर ठेवून आले."

सापडलेली वस्तू जवळच्या भिंतीवर ठेवायची, हा या शहराचा न लिहिलेला कायदा होता. हातमोजे, चोखण्या, बाळांच्या टोप्या सगळ्या भिंतींवर आणि रेलिंगवर मालकाची वाट बघत बसलेल्या असायच्या.

"कुठल्या भिंतीवर?"

"कोपऱ्यावरच्या घराच्या."

"पण तिकडे जाताना तुम्ही आमच्याच दारावरून गेलात ना?"

"गेले ना. थांबलेसुद्धा होते. पण दार वाजवायचं म्हणजे, तू विचारलं असतंस कुठे सापडलं. मग डचेसचं नाव निघालं असतं. मग त्या क्विलच्या फुलांचा विषय." एनिडबाईंनी बशी सरळ केली. "उगाच तुला अवघडल्यासारखं झालं असतं."

पिप्पाने डोळे मिटले आणि उघडले. बेसी तशीच रडत होती.

"दे तिला माझ्याकडे," एनिडबाई म्हणाल्या. "तू पळ."

पिप्पा पळाली. कोपऱ्यावरच्या भिंतीवर काही नव्हतं. आत एक बाई झुडपं छाटत होती.

"ते गाढव? हो हो, होतं ना," ती बाई म्हणाली. "पण आभाळ भरून आलंय. भिजलं असतं बिचारं. म्हणून मी चर्चच्या दारातल्या छपराखाली नेऊन ठेवलं. तिथे सगळ्यांना दिसतं."

"किती विचार केलात," पिप्पा म्हणाली. तिच्या डोक्यात वेगळीच वाक्यं होती. "आभारी आहे."

चर्च टेकडी चढून गेल्यावर होतं. छपराखाली एक लाल मोजा होता आणि एक छत्री होती. गाढव नव्हतं. बाजूच्या हॉलमध्ये गोल चेहऱ्याची एक बाई कप विसळत होती. तिने पिप्पाचं अर्धं वाक्य ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुमचं होतं होय? काय अवस्था होती हो त्याची. चिखल, लाळ, आणि कसला तो वास. मला बघवेना. कप पुसायचे टॉवेल मशीनमध्ये टाकतच होते, म्हटलं यालाही घेऊ. लॅव्हेंडरचा साबण घातलाय."

पिप्पाने मशीनकडे पाहिलं. गोल काचेमागे फेस होता. फेसातून नॉर्मन आला, काचेला नाक दाबून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा टॉवेलांत गेला.

"थांबवता येईल का?"

"दार उघडत नाही मध्येच. पण बसा की. चहा घेणार?"

पिप्पा खुर्चीवर बसली. तिला हसू येतंय की रडू, हे तिचं तिलाच नक्की सांगता आलं नसतं. दीड वर्षाचं दूध, केळं, ताप आलेल्या दोन रात्री, पहिला दात, सगळं त्या काचेआड गरगरत होतं आणि नळीतून गटारात चाललं होतं. कोल्हीण बरी. तिने नुसतं चोरलं होतं. बाकी सगळ्यांनी मदत केली होती. यातल्या एकानेही जर थोडा कमी विचार केला असता, गाढव पडलं तिथे पडू दिलं असतं, तर बेसी आत्ता झोपलेली असती. "नको, चहा झालाय," ती म्हणाली. "तुम्ही फार चांगल्या आहात."

बऱ्याच वेळाने ओला, फुगलेला, लॅव्हेंडरचा दरवळ सोडणारा एक परका नॉर्मन घेऊन ती टेकडी उतरली. एनिडबाईंच्या दाराशी आली तेव्हा आतून काहीच आवाज येत नव्हता. तिने घंटी न वाजवताच दार ढकललं.

एनिडबाई ओठांवर बोट ठेवून उभ्या होत्या. सोफ्यावर बेसी झोपली होती, तोंड उघडं, गाल अजून ओलसर. तिच्या मुठीत तपकिरी कॉर्डरॉयची एक घरातली चप्पल होती, आतून लोकरीची, टाचेला दातांचे बारीक व्रण. लोकर तिने नाकाला लावली होती.

"रडायची थांबेना, म्हणून कपाट उघडलं," एनिडबाई कुजबुजल्या. "तिने स्वतः निवडली."

जिन्याखालचं कपाट उघडंच होतं. आत एकेकट्या चपला, बागेतले हातमोजे, लहान मुलाचा फुटबॉलचा बूट, सगळं धुतलेलं, वाळवलेलं, ओळीने लावलेलं.

"हे सगळं डचेसने आणलेलं? मग परत का नाही दिलंत?"

"पहिली आली तेव्हाच द्यायला हवी होती," एनिडबाई म्हणाल्या. "पण जरा धीर होत नव्हता. तेवढ्यात दुसरी आली. दोन चपला घेऊन गेले असते तर लोक म्हणाले असते, पहिली का ठेवून घेतलीत? आणि आता एवढं सगळं ठेवायला, कुणाला माझा संशय येणार नाही इतक्या लांबच्या भिंती उरल्यात कुठे?"

पिप्पाने बेसीला चपलेसकट उचललं. बेसी त्या रात्री अखंड झोपली. गॅरेथ दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे ना ते बघून आला.

सकाळी पिप्पाने कोरडा झालेला नॉर्मन पुढे केला. बेसीने त्याचा वास घेतला, ओळख नसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं, आणि त्याला पाळण्याबाहेर टाकलं. मग दोन्ही हात चपलेकडे.

चपलेला मालक होता. हे पिप्पाला रात्रभर बोचत होतं. दारोदार विचारावं, तर कुठून आली ते सांगावं लागणार. एनिडबाईंचं नाव निघणार. तिने ठरवलं, बाहेर जाताना चप्पल पांघरुणाखाली झाकायची. इतकं ठरवल्यावर तिच्या लक्षात आलं, की एनिडबाई व्हायला आता जिन्याखाली फक्त एक कपाट हवं.

बाबागाडी फाटकातून बाहेर काढताना चाक दगडावर आपटलं. बेसी झोपेतच होती, पण पांघरूण सरकलं. पुढच्या बागेच्या कमरेइतक्या झुडपापलीकडे मिस्टर क्विल दुधाची बाटली उचलत होते. ते सरळ झाले आणि गाडीत बघत राहिले. बराच वेळ.

पिप्पाने तोंड उघडलं.

"माझी नाही," मिस्टर क्विल म्हणाले.

"मी अजून विचारलं नव्हतं."

"नाही, सांगून ठेवलेलं बरं. माझी वेगळी होती." त्यांनी घसा साफ केला. "झोपते का हिच्यामुळे?"

"काल पहिल्यांदा रात्रभर झोपली."

"असं." त्यांनी आकाशाकडे पाहिलं. "ऊन पडेल आज." मग ते झुडपाखाली वाकले आणि वर आले तेव्हा त्यांच्या हातात दुसऱ्या पायाची, तशीच तपकिरी कॉर्डरॉयची चप्पल होती. ती त्यांनी झुडपावरून पुढे केली. "मुलांच्या वस्तू धुवाव्या लागतात अधूनमधून. त्या दिवशी पंचाईत नको. आमच्याकडे उगीच पडून असते ही."

"मिस्टर क्विल, मला कसं..."

"कोल्ह्यांबद्दलचं माझं मत आहे तेच आहे," ते म्हणाले. "एनिडला तसं कळू दे."

दुधाची बाटली छातीशी धरून ते ओल्या फरशीवरून दाराकडे गेले. एका पायात बागेतला रबरी बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. पिप्पाने चप्पल हातात घेतली. आतली लोकर अजून गरम होती.