वादिराजमामांना फुटलेला केस

चारू, तू फक्त ऐक. मधे बोलू नकोस.

तुला माहितीये ना, इथे चेन्नईत माझं काम चिखलातल्या जंतूंवर आहे. त्यांच्या अंगावर प्रोटीनचे बारीक धागे असतात, केसांसारखे, आणि त्यातून चक्क करंट जातो. दोनच वर्षं झालीयत हे कळून, एकदम ताजा माल. मी आमच्या लॅबच्या प्रमुख देविका मॅडमना छाती ठोकून सांगितलं, "अड्यार नदीच्या गाळावर मीटरची सुई हलवून दाखवते." हलली तर प्रोजेक्ट माझं, नाहीतर परत लॅबच्या बाटल्या घासायच्या.

लॅबमध्ये एसीचा गारठा, म्हणून गाळाची बरणी उबेला घरी आणली. करंट पकडायला तळाच्या गाळात कार्बनची एक कांडी, वरच्या पाण्यात दुसरी. या जंतूंना हवा सोसत नाही, म्हणून झाकणाला टेप, त्यावर मेण, त्यावर परत टेप. बारा दिवस झाले, सुई ढिम्म.

घरमालक वादिराजमामा, तंजावरकडचे मराठी, डोकं स्टीलच्या वाटीसारखं गुळगुळीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "काय मा, ह्यात काय होते?"

मी घाईत होते. म्हटलं, "मामा, या चिखलात केस फुटतात."

मामा गंभीर झाले. "किती दिवसांत?"

"बारा."

"सरि, सरि," म्हणत, ठीक आहे अशी मान डोलवत गेले.

तेराव्या दिवशी मॅडम बरणी बघायला घरीच येणार होत्या. मी दूध घेऊन वर येते तर झाकण उघडं, गाळ निम्मा, आणि मामा गॅलरीत उन्हाला बसलेले. चुलीवर चढवायच्या पातेल्याला माती सारवतात ना, तसं डोकं.

"मामा, हे काय केलंत?"

"थोडंच घेतलं, मा. तुला ठेवलंय."

तेवढ्यात मॅडम दारात. मी काही बोलायच्या आत त्यांनी मीटर जोडला. आणि चारू, सुई उठली!

"झाकण कोणी उघडलं?" मॅडम म्हणाल्या. "अगं, हवा गाळातल्या जंतूंना नको, वरच्या कांडीला हवीच. तू तिचाच गळा दाबून बसली होतीस."

मी गपचूप गॅलरीकडे बोट दाखवलं. मॅडमनी मामांना हात जोडले. मामांनी त्यांनाच विचारलं, "डॉक्टर, दिवसातून किती वेळा लावायचं?"

तर प्रोजेक्ट मिळालं. आता मामाच रोज नदीवरून ताजा गाळ आणतात. मी तो हाताने कालवते, आणि निम्मा त्यांना देते.

काल धावत आले. "आला, मा, आला!" डोळे भरलेले, तंजावरला बहिणीला फोनही करून झालेला. बघते तर टाळूच्या मधोमध खरंच एक केस चिकटलेला.

फूटभर लांब. टोकाला माझ्याच केसांची मेंदी.

आता बोल. तू काय केलं असतंस?