ब्रेकवाल्यांचं प्रोत्साहन

भिंगरीची गाडी रविवारी सकाळपर्यंत उत्तम धावत होती. मग तिचे बाबा उठले.

गाडी म्हणजे औषधाचं रिकामं खोकं, आईच्या शिवणाच्या दोऱ्याची चार रिकामी रिळं आणि विणायच्या दोन सुया. खिडकीत चष्मा लावलेली एक ड्रायव्हरीण रंगवलेली. ती अर्थातच भिंगरी स्वतः. इस्त्रीची फळी खुर्चीला तिरकी टेकवून तिने गाडी सात वेळा सोडली होती आणि सातही वेळा ती समोरच्या भिंतीपर्यंत पोचली होती. शनिवारी शाळेत उतारगाड्यांची शर्यत होती. गेल्या वर्षी अर्ध्या वाटेत चाक निखळलं, तेव्हा पोरगी दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती. यंदा तिला नंबरबिंबर काही नको होता. गाडी खालच्या पांढऱ्या रेघेपलीकडे गेली की झालं, एवढंच तिचं म्हणणं.

शाळेच्या सूचनेत दोनच वाक्यं होती. गाडी मुलांनी स्वतः बनवावी. पालकांनी फक्त प्रोत्साहन द्यावे.

भिंगरीचे बाबा बस डेपोत ब्रेक तपासायला होते. अठरा वर्षं त्यांच्या सहीशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडली नव्हती आणि सही झालेली एकही बस उतारावर हातची सुटली नव्हती. डेपोत आणि बिल्डिंगमध्येही त्यांना सगळे ब्रेकवाले म्हणत. त्यांनी दात घासता घासता गाडी उचलली, डोळ्यांसमोर धरली आणि एका रिळाला टिचकी मारली.

"चाक हलतंय."

"पण पळते ना, बाबा."

"आज पळते. शनिवारी काय करेल सांगता येतं का? आण इकडे, थोडं प्रोत्साहन देतो."

दुपारपर्यंत प्रोत्साहनाने खोक्याच्या एका बाजूची चिंधी झाली. सोमवारी गाडी जेवणाच्या डब्याबरोबर डेपोत गेली. तिथे कामं तुंबलेली होती, पण साहेबांच्या मुलीचं काम म्हटल्यावर सगळ्यांना हुरूप आला. सुताराने लाकडी ठोकळा कोरला, टर्नरने लेथवर चाकं कातून दिली, रंगाऱ्याने बसचाच उरलेला रंग मारला. ड्रायव्हरणीची जागा त्याने काळी करून टाकली, कारण तिचा चष्मा त्याला नीट जमेना.

"मी काय करू?" भिंगरीने रोज संध्याकाळी विचारलं.

"तू बघ. आणि प्रकाश अडवू नकोस."

गुरुवारी ब्रेक बसला. तशी गाडी झालीच होती. पण ब्रेक नसलेलं वाहन आपल्या हातून बाहेर जाणार, या विचाराने ब्रेकवाल्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. त्यांनी गाडीच्या पोटात शिशाचा एक लोलक टांगला. गाडीचं नाक खाली झुकलं की लोलक पुढे जाणार आणि मागच्या चाकावर रबराची पट्टी दाबली जाणार. ओट्यावर त्यांनी गाडी ढकलून दाखवली. झकास गेली. मग ताट तिरकं धरून त्यावर ठेवली. जागची हलली नाही.

"बघितलंस? उतार आला की आपोआप आवरते."

आईने शिवणाचं मशीन थांबवलं. "अहो, पण शर्यत उतारावरच आहे ना?"

"म्हणूनच तर!" ब्रेकवाले म्हणाले.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं, पण लग्नाला बारा वर्षं झाली होती. तिने मशीन पुन्हा सुरू केलं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये मुलं कमी आणि गुडघ्यावर बसलेले पालक जास्त होते. दातांच्या डॉक्टरांनी चाकं गुळगुळीत करायला दवाखान्यातली हत्यारं आणली होती. त्यांचा मुलगा लांब खिडकीत बसून नाक कोरत होता. ब्रेकवाल्यांनी सगळ्या गाड्यांवरून नजर फिरवली. एकाही गाडीला ब्रेक नव्हता. त्यांना या लोकांच्या मुलांची काळजी वाटली.

चार गाड्या वर आडव्या पट्टीमागे लागल्या. भिंगरी खाली, पांढऱ्या रेघेजवळ, ओंजळ करून बसली. बाईंनी पट्टी उचलली. तीन गाड्या खडखडत निघून गेल्या. चौथी उभी राहिली.

"वा!" ब्रेकवाले ओरडले, आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. "एवढ्या उतारावर, बघा, केसभर हलली नाही!"

सगळा हॉल हसला. आपण एकटेच आनंदाने हसतोय हे त्यांच्या ध्यानात यायला थोडा वेळ गेला. भिंगरीची ओंजळ अजून तशीच होती.

"पाच मिनिटं देते," बाई समजुतीने म्हणाल्या. "तेवढ्यात तो ब्रेक काढून टाका."

भिंगरी धावत वर आली. "काढ ना, बाबा. पटकन."

"निघत नाही."

"का?"

"रिव्हेट मारलेत. ड्रायव्हर लोक ब्रेक काढून ठेवतात, त्यांना काढता येऊ नये म्हणून..."

भिंगरीने त्यांच्याकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती बाईंकडे गेली आणि म्हणाली, "बाई, माझ्यापुढे गैरहजर लिहा."

"गैरहजर कशी? गाडी उभी आहे ना समोर!" ब्रेकवाले म्हणाले.

"ती डेपोची आहे," भिंगरी म्हणाली.

ब्रेकवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाज वाटली की चिडायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी खेळाच्या सरांना गाठलं आणि हा उतार कुठल्याही रस्त्याला मंजूर होणार नाही, यावर अर्धा तास हुज्जत घातली. भिंगरी आईचा हात धरून पायरीवर थांबली.

पुढचं वर्ष उजाडलं. या खेपेला ब्रेकवाल्यांनी मनाशी पक्कं ठरवलं होतं: ब्रेक नाही. डेपोतल्या कपाटात त्यांनी चार बारीक बेअरिंग जपून ठेवली होती. सूचना कधी येते याची ते वाट बघत होते. सूचना आलीच नाही. मागच्या गोंधळानंतर शाळेने शर्यतच बंद केली असणार, असं ते धरून चालले, आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं.

मग एका शनिवारी दुपारी बिल्डिंगच्या जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. "अभिनंदन हो! तुमची मुलगी तिसरी आली. आमची गाडी यंदा वळून भिंतीत गेली."

ब्रेकवाले दोन दोन पायऱ्या चढत घरी आले. भिंगरी जमिनीवर बसून वही भरत होती.

"शर्यत होती आज?"

"हो."

"गाडी कुठे बनवलीस?"

"मैत्रिणीकडे. तिचे बाबा दुपारी घरी नसतात."

"मला सांगायचं नाही का? मी काही केलं नसतं. नुसता बघत बसलो असतो."

भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. बाबा खोटं बोलत नाहीयेत, हे तिला दिसत होतं. त्यांचा तसा पक्का समज होता, म्हणूनच तिला त्यांची दया आली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "गाडी रेघेपर्यंत पोचायला हवी होती ना."

आतलं मशीन थांबलं. उभं राहून करण्यासारखं काही नसल्यामुळे ब्रेकवाले खुर्चीत बसले.